बेने इस्राएल समाजांतील घर, मशीद आणि तरुण पिढी

कोंकणच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल लोकांविषयीं आजवर जें लेखन झालें आहे, त्यांत एका प्रश्नाची चर्चा वारंवार आढळते. हे लोक येथें केव्हां व कोठून आले, हा तो प्रश्न होय. नवगांवच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, ही त्यांची परंपरागत कथा इतिहासप्रेमी वाचकांस ठाऊक आहेच. तिचा कालनिर्णय करण्यासाठीं विद्वानांनीं पुष्कळ श्रम घेतले, तरी अद्याप त्यांत एकमत झालेलें नाहीं. परंतु उगमाच्या या शोधांत दुसरा एक प्रश्न मागें पडला आहे, आणि आमच्या मतें संशोधकास तो अधिक फलदायी ठरण्यासारखा आहे. ज्या समाजापाशीं दीर्घकाळ ग्रंथ नव्हता, मंदिर नव्हतें व शिकलेला धर्मगुरूही नव्हता, त्यानें आपलीं मुलें आपल्या धर्मांत कशीं राखलीं? आणि पुढें ग्रंथ, मंदिर व गुरु हीं तिन्ही साधनें हातीं आल्यावर, त्याच मुलांस मंदिराकडे ओढण्यासाठीं त्यास नवनवे उपाय कां योजावे लागले?

या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें आरंभींच थोडक्यांत सांगतों. बेने इस्राएलांचें धर्मजीवन प्रथम घरांत रुजलें व तेथून मंदिरांत गेलें. यामुळें मंदिराच्या व्यवस्थेनें जेव्हां जेव्हां घराची भाषा आणि घरांतील माणसें, म्हणजे स्त्रिया व मुलें, जवळ केलीं, तेव्हां तेव्हां तरुण पिढी तिच्या भोंवतीं जमली. आणि जेव्हां तिला घराचा विसर पडला, तेव्हां दहा पुरुषांची उपासनेस लागणारी संख्या पुरी करणेंही कठीण झालें. या म्हणण्यास आधारभूत असा जो पुरावा आहे, तो आतां क्रमानें पाहूं.

प्रथम बाहेरच्या लोकांनीं काय पाहिलें तें पाहावें. इ. स. १७३८ मध्यें मद्रासेकडील मिशनरी सार्टोरिअस यानें पश्चिम किनाऱ्यावरील या लोकांचा उल्लेख केला आहे. हे लोक स्वतःस बेने इस्राएल म्हणवितात, त्यांच्यापाशीं बायबलचा जुना करार नाहीं, व ‘शेमा’ या एका प्रार्थनेपलीकडे त्यांस कांहीं येत नाहीं, असा त्याच्या माहितीचा आशय आहे. पुढें १७६८ मध्यें कोचीनचा व्यापारी एझेकिएल रहाबी यानें हॉलंडांतील टोबियास बोआस यास जें उत्तर पाठविलें, त्यांतही मराठ्यांच्या मुलखांतील या तेल गाळणाऱ्या लोकांविषयीं तसाच मजकूर आहे. ते शब्बाथ पाळतात, परंतु शेमाखेरीज त्यांस दुसरें ज्ञान नाहीं, असें तो म्हणतो. हे दोन्ही साक्षीदार विश्वसनीय मानण्यास हरकत नाहीं. तथापि दोघांनींही हातीं घेतलेलें माप ग्रंथाचें होतें. ज्याच्या घरीं पोथी नाहीं तो अज्ञानी, हें त्यांचें गृहीत. घरांत चूल कशी पेटत होती, वर्षाचे दिवस कसे मोजले जात होते व पोरांस काय सांगितलें जात होतें, हें त्यांनीं विचारलें नाहीं. आणि खरा पुरावा तर तेथेंच होता.

हा पुरावा म्हणजे सणांचीं जुनीं मराठी नांवें. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं आपल्या समाजाचा जो इतिहास इंग्रजींत १८९७ मध्यें सिद्ध केला, व जो त्यांच्या पश्चात् १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापून प्रसिद्ध झाला, त्यांत हीं नांवें जपून ठेविलेलीं आहेत. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर येणारा ‘खिरीचा सण’. नव्या धान्याची नारळाच्या रसांत शिजविलेली खीर हें त्या दिवसाचें लक्षण. प्रायश्चित्ताच्या महान् उपवासास ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशीं दारें लावून घेऊन कुटुंबें घरांत राहत. त्याच्या दुसऱ्या दिवशींचा तो ‘शिळा सण’. वल्हांडणाचें, म्हणजे पेसाहाचें, नांव ‘अनशी ढाकाचा सण’. आंबट रसाचें जें भांडें एरवीं स्वयंपाकांत नित्य लागे, तें त्या आठ दिवसांत झांकून ठेवीत, त्यावरून हें नांव पडलें. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाबद्दलच्या उपवासास ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत, कारण त्या प्रसंगीं वालाचें बिरडें करण्याचा प्रघात होता.

हीं नांवें वाचकांनीं लक्षपूर्वक पाहावीं. यांतील एकही नांव पोथींतून आलेलें नाहीं. खीर, बिरडें, झांकलेलें भांडें, लावलेलें दार, शिळें अन्न. सारा पंचांगाचा व्यवहार स्वयंपाकघराच्या वस्तूंनीं चाललेला आहे. लहान मुलास यांतील एकही शब्द समजावून सांगावा लागत नसे. त्यानें खीर खाल्ली, दार लागलेलें पाहिलें, आणि सण त्याच्या स्मरणांत बसला. हिब्रू भाषा हरपली असतांही वर्षाची चौकट कां टिकली, याचें उत्तर आमच्या मतें या नांवांत आहे. ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणून गांव ओळखीत असे, त्यांची शनिवारीं घाणा बंद ठेवण्याची रीतही अशीच. बापाचा घाणा बंद राहतो, हें पाहूनच मुलगा शब्बाथ शिकत असे.

या संदर्भांत दावीद रहाबीची परंपरागत कथा पुन्हां वाचण्याजोगी आहे. हा पुरुष कोण व कोणत्या शतकांतला, याविषयीं मोठा वाद आहे. कोणी त्यास फार प्राचीन मानतात, तर कोणी अठराव्या शतकांतील कोचीनच्या रहाबी घराण्यांत त्यास शोधतात. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. कथा अशी कीं, हे लोक खरोखर यहुदी आहेत कीं नाहींत, हें पाहण्यासाठीं त्यानें त्यांच्या स्त्रियांपुढें निरनिराळ्या जातींचे मासे शिजविण्यास ठेविले. स्त्रियांनीं पर व खवले नसलेले मासे वेगळे काढले व हे आम्ही खात नाहीं म्हणून सांगितलें. रहाबीची खात्री पटली. पुढें त्यानें झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तीन तरुण निवडून त्यांस हिब्रू प्रार्थना व विधि शिकविले; तेच पुढें काजी झाले व गांवोगांव फिरून सुंता, लग्नें व तंटे यांचें काम पाहूं लागले.

कथेचा काल कोणताही असो, तिची रचना अर्थपूर्ण आहे. समाजाच्या स्मृतींत धर्माची परीक्षा स्त्रियांनीं दिली आणि ती चुलीपुढें दिली. तर धर्माचें पुनःशिक्षण तरुणांपासून सुरू झालें. वृद्धांस बसवून उपदेश केल्याचें कथा सांगत नाहीं. आपलें टिकणें कोणावर अवलंबून आहे, याची जाणीव या समाजास होती, असें या कथेवरून अनुमान करण्यास आम्हांस प्रत्यवाय दिसत नाहीं.

आतां मंदिराकडे वळूं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बेने इस्राएल कुटुंबें मुंबईंत येऊं लागलीं, आणि कित्येक पुरुष कंपनीच्या नेटिव्ह पलटणींत शिरले. त्यांपैकीं सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर, यांचें नांव प्रसिद्ध आहे. टिपूशीं झालेल्या युद्धांत ते कैद झाले होते. सुटून आल्यावर १७९६ मध्यें त्यांनीं मुंबईंत मांडवी भागांत शआर हारहमीम, म्हणजे दयेचें द्वार, हें मंदिर बांधलें. लोक त्यास ‘जुनी मशीद’ म्हणूं लागले. १८४० मध्यें शआरे रात्सोन हें दुसरें मंदिर झालें, तेव्हां ती ‘नवी मशीद’ झाली. त्याच दशकांत रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८) व पनवेल (१८४९) येथें मंदिरें उभीं राहिलीं. पेणचें १८६३ मधलें व ठाण्याचें १८७९ मधलें. यहुदी प्रार्थनामंदिरास ‘मशीद’ म्हणावें, त्याच्या कारभाऱ्यांस मुकादम व चौगुले म्हणावें, आणि त्यांच्याच शेजारीं खजिनदारास गबाई, प्रार्थना चालविणाऱ्यास हझान व सेवकास शमास अशीं हिब्रू वळणाचीं नांवें असावीं, ही व्यवस्था मराठी गांवगाड्याच्या अभ्यासकांस मनोरंजक वाटेल. मंडळीची घडी गांवच्या घडीवरच बसविली होती.

परंतु मंदिर झालें म्हणून घरचीं माणसें आपोआप त्यांत आलीं, असें झालें नाहीं. प्रार्थना हिब्रूंत. ती चालविण्यासाठीं व शिकविण्यासाठीं १८२६ पासून पुढें कोचीनकडून आलेल्या शिक्षकांचें साह्य मिळालें. त्यांचे उपकार समाज मानतो. तरी उच्चार येणें वेगळें व अर्थ कळणें वेगळें. घरीं जें मूल खिरीवरून सण ओळखत असे, तेंच मूल मशिदींत दोन दोन घटका न समजणारे शब्द ऐकत बसे. स्त्रियांचें स्थान तर सज्जांत किंवा मागें. अशा रीतीनें साधनें वाढलीं आणि त्याबरोबर घर व मंदिर यांच्यामधील अंतरही वाढलें. या अंतराची जाणीव होऊन तें तोडण्याचे जे प्रयत्न पुढील शंभर वर्षांत झाले, त्यांचा इतिहास हाच या लेखाचा मुख्य भाग होय.

पहिलें साधन बाहेरून आलें. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा १८१३ नंतर मुंबईंत व कोंकणांत निघाल्या. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्यें आले. या शाळांत बेने इस्राएल मुलें व मुली पुष्कळ जात. विल्सन यांनीं १८३२ मध्यें मराठींत हिब्रू व्याकरणाचीं मूलतत्त्वें छापलीं, तीं मुख्यतः याच लोकांसाठीं. मिशनऱ्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें उघड आहे. परंतु बेने इस्राएलांपैकीं धर्म सोडणारे फार थोडे निघाले. मुलांनीं शाळेंतून विद्या घेतली व ती घेऊन तीं आपल्याच घरीं परतलीं. कोणी म्हणतील कीं, याचें श्रेय मिशनच्या औदार्यास द्यावें. कोणी म्हणतील, समाजाच्या निष्ठेस. आम्हांस वाटतें कीं, दोन्हींस द्यावें. मराठीच्या द्वारें हिब्रू शिकतां येतें, हा धडा मिशननें दिला. तो कशासाठीं वापरावा, हें समाजानें ठरविलें.

कशासाठीं वापरला तें पाहा. व्याकरण छापल्यापासून चौदा वर्षांत, म्हणजे १८४६ मध्यें, मुंबईंत मराठी भाषांतरासह पहिली हगादा शिळाछापावर निघाली. मिसर देशांतून झालेल्या सुटकेचें वृत्त सांगणारी व वल्हांडणाच्या रात्रीं जेवणाच्या वेळीं घरांत वाचावयाची ही पोथी होय. यहुदी वाङ्मयांत घराची व मुलाची म्हणून जर कोणती पोथी असेल तर ती हीच. तिचा आरंभच घरांतील लहान मुलाच्या प्रश्नांनीं होतो. ही रात्र इतर रात्रींहून वेगळी कां, असें तें विचारतें, आणि सारी पोथी हें त्याचें उत्तर असतें. बापानें उत्तर द्यावयाचें, तें मुलास कळलें पाहिजे. न कळणाऱ्या भाषेंत दिलेलें उत्तर हें उत्तरच नव्हे. म्हणून मराठींत आणण्यासाठीं अगदीं आरंभीं या पोथीची निवड झाली, हा आम्ही योगायोग मानीत नाहीं.

१८७४ मध्यें पुण्यास दुसरी सुप्रसिद्ध हगादा निघाली. ही सचित्र आहे. तिच्यांतील बायबलांतल्या प्रसंगांचीं चित्रें युरोपांतील जुन्या हगादांच्या वळणाचीं आहेत. परंतु आरंभीं बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रियांचें जें चित्र आहे, त्यांतील स्त्रिया लुगडें नेसलेल्या आहेत, व पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंतचीं कामें त्या आपल्याकडील रीतीनें बसून करीत आहेत. या चित्रामुळें ही प्रत संग्राहकांस प्रिय झाली, व १९६८ मध्यें न्यूयॉर्क येथें तिची यथामूल प्रतिकृति निघाली. संग्राहक तिच्याकडे दुर्मिळ वस्तु म्हणून पाहतात, तें योग्यच आहे. परंतु १८७४ मधील पुण्याच्या एखाद्या घरांत ती उघडली गेली असेल, तेव्हां मुलानें तिच्यांत आपली आईच ओळखली असेल, हेंही ध्यानांत घ्यावें. परकी पोथी त्या एका पानामुळें घरची झाली.

दुसरा प्रयत्न शाळेचा. १८७५ मध्यें केहिमकर यांनीं आपल्या बंधूंच्या साह्यानें मुंबईंत इस्राएली शाळा काढली. मुलें परक्यांच्या शाळांत शिकतात, तेथें इंग्रजी मिळतें पण हिब्रू व धर्म मिळत नाहीं, हें तिचें कारण. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचें द्रव्यसाह्य तिला मिळालें, १८९२ मध्यें ती हायस्कूल झाली, आणि पुढें सर एली कदूरी यांच्या देणगीवरून त्यांचें नांव तिला मिळालें. याच काळांत जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं दैनिक व सणांच्या प्रार्थना मराठींत आणल्या. डेव्हिड ससून यांच्या संस्थेच्या शाळेचे ते दीर्घकाळ मुख्याध्यापक होते, आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. एकाच पानावर हिब्रू व मराठी, अशी जी प्रार्थनापुस्तकें निघालीं, त्यांमुळें मशिदींत बसलेल्या मुलास निदान आपण काय म्हणत आहों, तें कळूं लागलें. शाळा व प्रार्थनापुस्तक हीं दोन एकमेकांचीं पूरक होतीं. शाळेनें वाचणारा तयार केला, पुस्तकानें त्यास मशिदींत बसविलें.

तथापि जें वाचूं शकत नव्हते त्यांचें काय? आजी होती, गांवांतून नुकतें आलेलें कुटुंब होतें, शाळेंत न गेलेली सून होती. त्यांच्यासाठीं जो उपाय निघाला, तो आमच्या मतें या सर्व इतिहासांत सर्वांत विलक्षण होय. १८८० मध्यें मुंबईच्या बेने इस्राएलांत कीर्तनाची प्रथा सुरू झाली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे तिच्या प्रवर्तकांपैकीं प्रमुख, व तिला उत्तेजन देण्यासाठीं कीर्तनोत्तेजक मंडळही स्थापन झालें. अब्राहाम, योसेफ, मोशे, एलियाहू यांचीं चरित्रें मराठी पद्यांत, साक्या, दिंड्या व अभंग यांच्या चालींवर रचून, हरिदासाच्या धर्तीवर लोकांपुढें सांगण्यांत येऊं लागलीं.

आपल्या शेजाऱ्यांची ही उपासनेची रीत घेतांना समाजांत कोणास संकोच वाटला नसेल, असें नाहीं. परंतु रीत घेतली ती विचारपूर्वक घेतली. कीर्तनास हिब्रू लागत नाहीं. वाचतां येणेंही लागत नाहीं. दहा पुरुषांची संख्या लागत नाहीं. स्त्रीपुरुष, लेंकुरें, पाहुणे, सर्वांस तें ऐकतां येतें. मूल झोंपेला आलें तर आईच्या मांडीवर झोंपतें, व चाल मात्र त्याच्या कानांत राहते. जें काम घरांत खिरीनें व बिरड्यानें केलें होतें, तेंच काम चारचौघांत करण्याचें हें साधन होतें. मशिदीच्या उपासनेनें जें अंतर पाडलें होतें, तें या रात्रीच्या कथेनें भरून काढलें. बेने इस्राएलांच्या मराठी पद्यवाङ्मयाचा उगम ज्यास शोधावयाचा आहे, त्यानें तो येथें शोधावा.

विसाव्या शतकांत घरांतील माणसें स्वतःच पुढें आलीं. १९१३ मध्यें मुंबईंत स्त्रीमंडळ स्थापन झालें. सज्जांत बसणाऱ्या स्त्रियांस सभा, वर्गणी, वर्ग व मदतकार्य यांचा अधिकार त्यायोगें मिळाला. रिबेका रूबेन (१८८९–१९५७) यांनीं १९१७ पासून बेने इस्राएलांचें वार्षिक संपादिलें, आणि १९२२ पासून १९५० पर्यंत इस्राएली शाळेचें मुख्याध्यापकत्व सांभाळलें; अठ्ठावीस वर्षें समाजाच्या मुलांची एक अख्खी पिढी एका विदुषीच्या हाताखालून गेली. डॉ. जेरुशा झिराड या इंग्लंडांत वैद्यकी शिकून आल्या. तेथील उदारमतवादी यहुदी चळवळीचा परिचय त्यांस झाला होता. त्यांच्या पुढाकारानें १९२५ मध्यें ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली. शिकलेल्या तरुणांस जुन्या पद्धतीची उपासना परकी वाटूं लागली आहे, तेव्हां त्यांस समाजाबाहेर जाऊं देण्यापेक्षां समाजांतच दुसरें दार उघडावें, हा त्यामागील विचार होता. तिच्या पद्धतीशीं सर्वांचें एकमत झालें नाहीं, आणि जुन्या मशिदींचा ओघ पूर्ववत् चालूच राहिला; परंतु प्रश्न बरोबर विचारला गेला, एवढें कोणीही मान्य करील.

येथपर्यंत आम्हीं अनुकूल पुरावा दिला. प्रतिकूल पुरावाही सांगणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे. एक तर, हे सर्व उपाय प्रायः मुंबई-पुण्याचे होते. कोंकणांतील गांवांस त्यांचा लाभ उशिरां व अपुरा झाला. दुसरें, जी शाळा मुलांस समाजांत राखण्यासाठीं निघाली, तिनेंच त्यांस इंग्रजी देऊन दूरदूरच्या नोकऱ्यांकडे पाठविलें. आणि इंग्रजी जसजशी घरांत शिरली, तसतसा मराठी कीर्तनाचा श्रोता कमी होत गेला. तिसरें, पुढाऱ्यांत फूट पडली. १९१७ मध्यें बेने इस्राएल परिषद भरली, तर लगेच १९१८ मध्यें अखिल भारतीय इस्राएली लीग निराळी निघाली. जातीय हितास प्राधान्य द्यावें कीं राष्ट्रीय चळवळीस, या वादांत पुष्कळ शक्ति खर्ची पडली. मंडळी तरुणांनीं भरावी, असें सर्वांस वाटे. कोणाच्या मंडळींत, हा वाद मिटत नसे.

यानंतर आली ती मोठी घटना म्हणजे स्थलांतर. १९४८ मध्यें इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि बेने इस्राएल कुटुंबें तिकडे जाऊं लागलीं. तेथें त्यांच्या विवाहांच्या शुद्धतेविषयीं धर्माधिकाऱ्यांनीं शंका काढल्या. १९६२ पासून त्यावर मोठें आंदोलन झालें, व १९६४ मध्यें हे लोक सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, असें तेथील सरकारनें जाहीर केलें. ग्रंथाच्या मापानें मोजण्याची १७३८ मधील तीच दृष्टि सव्वादोनशें वर्षांनीं पुन्हां पुढें आली, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. भारतांत १९५१ च्या खानेसुमारींत यहुदी सुमारें २६,००० होते. २०११ च्या खानेसुमारींत ते पांच हजारांहून कमी भरले, आणि त्यांत बेने इस्राएलांखेरीज इतर यहुदीही आले. महाराष्ट्र शासनानें २०१६ मध्यें या समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. माझगांवची शाळा चालू आहे, परंतु तींत शिकणारीं मुलें आतां बहुतेक इतर धर्मांचीं आहेत. अलिबागच्या इस्राएल आळींतलें मंदिर उभें आहे. आळींतील घरें मात्र बव्हंशीं दुसऱ्यांचीं झालीं.

मग या सर्व प्रयत्नांतून काय उरलें, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, जें घरांत होतें तें उरलें. इस्राएलांतील लोद, बीरशेबा, दिमोना, अश्दोद या गांवीं एलियाहू हनबीच्या नांवानें मलिदा अद्याप होतो. पोहे, गूळ, खोबरें व फळें यांचें तेंच ताट. तेथून ‘मायबोली’ या नांवाचें मराठी नियतकालिक निघालें. कीर्तनांतील पदें विसरलीं गेलीं असें वाटत असतांना, तीं स्त्रियांच्या गाण्याच्या हस्तलिखित वह्यांतून सांपडतात, आणि त्या वह्या समोर ठेवून वृद्ध स्त्रिया तीं म्हणतात. मंडळाचें दप्तर गेलें तेथें आजीची वही राहिली. आमच्या आरंभींच्या विधानास याहून बळकट पुरावा आम्हांस देतां येणार नाहीं.

शेवटीं आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति करावयाची आहे. बेने इस्राएलांच्या हगादा व जुनीं प्रार्थनापुस्तकें यांस हल्लीं मोल आलें आहे. प्रत जितकी कोरी व स्वच्छ, तितकें मोल अधिक. आमचें सांगणें याच्या उलट आहे. ज्या प्रतीवर तेलाचे डाग आहेत, जिच्या कोऱ्या पानांवर जन्म, सुंता व लग्नें यांच्या नोंदी बालबोध किंवा मोडी अक्षरांत आहेत, जिच्या समासांत एखाद्या मुलानें हिब्रू अक्षरें गिरविलीं आहेत, ती प्रत इतिहासास अधिक मोलाची आहे. ती साफ करूं नये, नव्यानें बांधूं नये, आणि विकत घेतांना कोणत्या घराण्याची, कोणत्या गांवची व कोणाच्या हातून आली, हें तेथल्या तेथें टिपून ठेवावें. मशिदींचे जमाखर्च, चौगुल्यांचे निवाडे, वर्गणीच्या याद्या व शाळेचीं हजेरीपुस्तकें हीं रद्दी समजून टाकलीं जाण्याचा संभव फार. तीं दिसतील तेथें त्यांची नक्कल तरी करून घ्यावी. हिब्रू व मराठी अशा दुहेरी लेखांच्या कबरी कोंकणांत पुष्कळ ठिकाणीं उघड्या पावसांत झिजत आहेत. त्यांचे ठसे घेण्यास फारसें द्रव्य लागत नाहीं.

सर्वांत आधीं मात्र स्त्रियांच्या वह्या पाहाव्या. त्या बाजारांत येत नाहींत. त्यांवर कर्त्याचें नांव नसतें, शुद्धलेखन नसतें, कागद शाळेच्या वहीचा असतो. म्हणून कोणाचें लक्ष जात नाहीं. ज्या वृद्ध स्त्रीपाशीं अशी वही आहे, तिला ती आपणांस देण्याची गळ घालूं नये. तिच्याजवळ बसावें, ती पद कोणत्या चालीवर म्हणते तें ऐकावें, कोणत्या सणास व कोणाकडून शिकली तें विचारावें, नक्कल करून घ्यावी आणि वही तिच्या नातवंडांसाठीं तिच्यापाशींच ठेवावी. तें पद तिच्या नातवानें उचललें तर संग्रहापेक्षां मोठें काम झालें असें आम्ही समजूं. आणि न उचललें तरी, कोणे एके काळीं मराठींतून अब्राहामाची कथा ऐकत मुलें आईच्या मांडीवर झोंपीं गेलीं, याची नोंद तरी इतिहासांत राहील.